की डिक्शनरीत दिसतेय पण सापडत नाही? पायथॉनचं हॅशिंग आतून बघूया

एक्सेलमधनं बिल्टीचा (माल पाठवल्याच्या पावतीचा) डेटा उचलायचा, पायथॉनमध्ये डिक्शनरी (की आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्यांचा साठा) करायची, गावाप्रमाणे गाठींची टोटल मारायची आणि रिपोर्ट काढून द्यायचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्यांसाठी असलं काम करणारी पोरं आपल्या सोलापुरात कमी नाहीत, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकाचा कधी ना कधी एक प्रश्न येतोच: डिक्शनरी प्रिंट केली तर कऱ्हाड समोर दिसतंय, पण विचारलं तर की-एरर येतंय, पायथॉनच गंडलंय का?

पायथॉन गंडलेलं नसतंय. डिक्शनरी तुमच्या डोळ्यांनी बघत नाही, एवढंच. ती दोन अटींवर चालते. पहिली अट, दोन गोष्टी समान असतील तर त्यांचा हॅश, म्हणजे कीवरनं काढलेला आकडा, समानच पाहिजे. दुसरी, एकदा की आत बसल्यावर तिचा हॅश बदलता कामा नये. माझ्या मते डिक्शनरीचे नव्वद टक्के घोळ या दोनातली एक अट मोडल्यामुळंच होतात, बाकी सगळी यंत्रणा या अटी धरून शोध फास्ट करण्यासाठी आहे. ती यंत्रणा एकदा कागदावर करून बघितली तर परत कुणाला विचारायला लागत नाही.

कोड मी इथं शब्दांतच सांगतोय, तुम्ही टर्मिनल उघडून स्वतः टाईप करा. सगळं आपल्या नेहमीच्या पायथॉनबद्दल, म्हणजे सीपायथॉनबद्दल आहे.

आधी हॅश फंक्शन चाचपून बघा

हॅश फंक्शनला १०० द्या, उत्तर १००. १०२४ द्या, उत्तर १०२४. म्हणजे साध्या पूर्णांकाचा हॅश तो स्वतःच, काही जादू नाही. आता १.० द्या, मग ट्रू द्या, दोन्हीला १ येतंय, कारण पायथॉनच्या लेखी १, १.० आणि ट्रू हे तिन्ही समान आहेत, आणि समान म्हटल्यावर पहिली अट लागू झालीच. म्हणून एकाच डिक्शनरीत १ ला 'अ', १.० ला 'ब' आणि ट्रू ला 'क' असं भरलंत तर आत एकच नोंद उरते, की पहिली आलेली म्हणजे १, आणि व्हॅल्यू शेवटची आलेली म्हणजे 'क'. इंटरव्ह्यूवाल्यांचा लाडका प्रश्न आहे हा, लक्षात ठेवा.

आता -१ देऊन बघा. -२ येईल. हे बघून बरेच जण चमकतात. सीपायथॉन सी भाषेत लिहिलंय आणि आतल्या हॅश काढणाऱ्या फंक्शननं -१ परत दिलं तर त्याचा अर्थ 'एरर आला' असा ठरवून ठेवलाय, त्यामुळं बिचाऱ्या -१ ला स्वतःचा नंबर मिळत नाही, -२ वर भागवावं लागतं. आणि -२ चा हॅशही -२ च आहे. तरीपण दोन्ही एकाच डिक्शनरीत न भांडता राहतात, ते कसं ते खाली येतंय. अजून एक गंमत, ६४ बिटच्या मशीनवर २ चा ६१ वा घात वजा १ एवढ्या आकड्याचा हॅश ० येतो, कारण पूर्णांकाचा हॅश म्हणजे त्या मोठ्या आकड्यानं भागून राहिलेली बाकी असते. आपले बिल्टी नंबर तिथपर्यंत जायचे नाहीत, म्हणून आपल्याला ते जसेच्या तसे दिसतात.

स्ट्रिंग द्या, 'सोलापूर'. भला मोठा आकडा येईल, कधी मायनसमध्ये. पायथॉन बंद करून परत चालू करा, परत तेच द्या, आकडा वेगळा! हे मुद्दाम केलेलं आहे, पायथॉन ३.३ पासून बाय डिफॉल्ट चालू आहे, कारण शेवटाकडं सांगतो.

आणि लिस्ट द्या. टाइप-एरर, 'अनहॅशेबल टाइप लिस्ट'. पोरं इथं पायथॉनला शिव्या घालतात, पण विचार करा, लिस्टमध्ये नंतर कुणीही अपेंड करू शकतंय, मग आतला माल बदलल्यावर हॅशही बदलणार, दुसरी अट मोडणार. म्हणून दारातच अडवलंय. टपल, म्हणजे नंतर बदलता न येणारी यादी, चालतो, पण टपलच्या आत लिस्ट असेल तर तोही चालत नाही.

आता कागद-पेन घ्या आणि आठ कप्पे काढा

० ते ७ असे आठ कप्पे. नवीन डिक्शनरीत पहिली नोंद टाकल्यावर पायथॉन एवढीच जागा धरतं. नुसती लिस्ट असती तर १०२४ नंबरची बिल्टी शोधायला पहिल्यापासून एकेक बघत जावं लागलं असतं. डिक्शनरीचं काम गोडाऊनमधल्या मुरलेल्या माणसासारखं, नंबर ऐकला आणि सरळ त्या रॅकपाशी जाऊन उभा. हॅशवरनं जागा काढायची ही कल्पना जुनी आहे, आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५३ साली कंपनीतल्याच एका मेमोत ती मांडली होती.

कप्पा कसा ठरतो? हॅशला ८ नं भागायचं आणि बाकी घ्यायची. (आत ते भागाकार करत नाहीत, शेवटचे तीन बिट उचलतात, उत्तर तेच.) आपण बिल्टी नंबर टाकत जाऊ.

१०२४ ला ८ नं भागून बाकी ०, कप्पा ० मोकळा, बसली.

१०३२ ची बाकीपण ०. कप्पा ० भरलेला आहे, आत बघितलं तर १०२४, म्हणजे आपली की नाही. हे झालं कोलिजन, म्हणजे टक्कर. आता पुढचा कप्पा काढायचं एक सूत्र आहे: आत्ताच्या कप्प्याला ५ नं गुणा, त्यात पर्टर्ब मिळवा, वर १ मिळवा, आणि परत ८ नं भागून बाकी घ्या. पर्टर्ब म्हणजे सुरुवातीला पूर्ण हॅश, आणि प्रत्येक उडीच्या आधी तो ३२ नं भागून खालचा पूर्णांक घ्यायचा. तर १०३२ भागिले ३२ म्हणजे ३२, आणि ० गुणिले ५ अधिक ३२ अधिक १ म्हणजे ३३, बाकी १. कप्पा १ मोकळा, बसली.

१०३३ ची बाकी १, पण तिथं आत्ताच १०३२ जाऊन बसलीय. पर्टर्ब ३२, मग १ गुणिले ५ अधिक ३२ अधिक १ म्हणजे ३८, बाकी ६. कप्पा ६.

१०४० ची बाकी ०, भरलेला. उडी मारली, ३३, बाकी १, तोही भरलेला. परत पर्टर्बला ३२ नं भागलं, आता १ राहिला, १ गुणिले ५ अधिक १ अधिक १ म्हणजे ७. कप्पा ७ मोकळा, बसली.

१०२९ सरळ कप्पा ५ मध्ये.

लगेच शेजारचा कप्पा का बघत नाहीत, एवढी गुणाकाराची भानगड कशाला? कारण बिल्टी नंबर ओळीनं येतात, आणि शेजारी शेजारी भरत गेलं तर एकाच ठिकाणी गर्दी होऊन लांबच लांब रांग लागते. पर्टर्बमुळं हॅशचे वरचे बिटही हळूहळू हिशोबात येतात आणि वाटा फुटतात.

आता शोधून बघा. १०४८ आहे का? बाकी ०, तिथं १०२४. उडी, कप्पा १, तिथं १०३२. उडी, कप्पा ७, तिथं १०४०. आता पर्टर्ब ० झाला, ७ गुणिले ५ अधिक १ म्हणजे ३६, बाकी ४, कप्पा ४ रिकामा. रिकामा कप्पा लागला म्हणजे ही की इथं नाहीच, की-एरर. पाच नोंदींतल्या दोनांना हात न लावता उत्तर मिळालं. पाचात दोन वाचले यात काही कौतुक नाही, पण पाच लाख नोंदी असतानाही साधारण एवढ्याच उड्या लागतात, मजा त्यात आहे.

प्रत्येक कप्प्याशी थांबल्यावर तपासणी कशी होते त्याचा क्रम पाठ करा, डिबगिंगला सोन्यासारखा आहे. सगळ्यात आधी, आतली की आणि विचारलेली की हा मेमरीतला एकच ऑब्जेक्ट आहे का? असेल तर सापडली. नसेल तर आत साठवलेला हॅश आणि विचारलेल्याचा हॅश पूर्णच्या पूर्ण जुळतो का? नाही जुळला तर पुढं चला, समानता तपासायच्या फंदात पडायचंच नाही. जुळला तरच डबल इक्वलनं (==) समान आहेत का ते बघायचं. -१ आणि -२ चं भांडण मिटतं ते इथं, हॅश जुळतो, पण डबल इक्वल 'नाही' म्हणतं, मग उडी मारून पुढं.

डिलीट, वाढ आणि क्रम

आता १०३२ डिलीट करा. कप्पा १ पुसून रिकामा केला तर काय होईल ते कागदावर बघा: १०४० शोधायला निघालात, कप्पा ० भरलेला, उडी मारून कप्पा १, तो रिकामा, म्हणजे १०४० नाही! पण ती तर कप्पा ७ मध्ये बसलीय. म्हणून पायथॉन तिथं पुसत नाही, 'इथं कुणीतरी होतं' अशी डमी खूण ठेवतं, शोधणारा खूण बघून पुढं जातो.

आठ कप्प्यांत पाचच नोंदी मावतात, दोन तृतीयांशाच्या वर भरू द्यायचं नाही असा नियम आहे. आपले पाच झाले, सहावी १०४७ टाकायला गेल्यावर पायथॉन सोळा कप्प्यांचं नवीन टेबल करतं आणि सगळ्यांना परत बसवतं (सोपं जावं म्हणून डिलीट केलं नव्हतं असं धरा). १०३२ आता कप्पा ८ मध्ये, १०३३ कप्पा ९ मध्ये, फक्त १०२४ आणि १०४० चीच टक्कर उरते. परत बसवताना हॅश नव्यानं काढत नाहीत, नोंदीसोबत आधीचा साठवलेला असतोच. सिस मॉड्यूलचं गेटसाईझऑफ लावून एकेक नोंद टाकत जा, सहाव्या नोंदीला साईज एकदम उडी मारताना दिसेल.

क्रमाचं थोडक्यात: कप्प्यांत खरं तर की नसतेच, फक्त 'कितवी नोंद' हा छोटा आकडा असतो, आणि खऱ्या नोंदी (हॅश, की, व्हॅल्यू) शेजारच्या यादीत आल्या तशा ओळीनं लागतात. ही रचना ३.६ मध्ये आली, म्हणून डिक्शनरी टाकलेल्या क्रमानं फिरते, आणि ३.७ पासून ती भाषेचीच हमी झाली. सेटला ही हमी नाही, त्यावर भरवसा ठेवून रिपोर्ट काढू नका.

कऱ्हाडचं नक्की काय होतंय

आता मूळ दुखण्यावर येऊ. 'कऱ्हाड' हा शब्द कॉम्प्युटरमध्ये तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो आणि स्क्रीनवर बहुतेक ठिकाणी तिन्ही सेम दिसतात. एक, क मग ऱ हे एकच अक्षर मग हलन्त वगैरे, लांबी मोजणारं लेन फंक्शन ६ सांगतं. दोन, ऱ च्या जागी साधा र आणि वेगळा नुक्ता (अक्षराखालचं टिंब), लेन ७. तीन, र, हलन्त, आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, हेही ७. ऑफिसातल्या एकानं एका कीबोर्डवर टाईप केलं, ट्रान्सपोर्टवाल्यानं मोबाईलवर केलं, एकानं जुन्या फाईलमधनं कॉपी मारलं, झालं, तीन कऱ्हाड. पायथॉनसाठी या तीन वेगळ्या स्ट्रिंग आहेत, डबल इक्वल 'नाही' म्हणतं, हॅश वेगळे, कप्पे वेगळे, आणि टोटल तीन तुकड्यांत. पांढऱ्या, दुसऱ्या, बाऱ्या, जिथं जिथं ऱ तिथं हीच बोंब, आणि रंगाच्या कॉलममध्ये 'पांढऱ्या' तर टॉवेलच्या धंद्यात रोजचाच.

शोधायचं असं. जी की डिक्शनरीत दिसतेय ती डिक्शनरीतनंच लूप मारून व्हेरिएबलमध्ये घ्या, आणि जी तुम्ही विचारताय ती दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये. दोन्हींचा टाईप बघा. दोन्हींची लेन बघा. मग दोन्हींवर आस्की फंक्शन लावून प्रिंट करा, ते प्रत्येक अक्षराचा युनिकोड नंबर उघडा पाडतं, तिथं फरक लपूच शकत नाही. साध्या प्रिंटवर डोळे फोडत बसू नका.

दुरुस्ती एका फंक्शनमध्ये ठेवा आणि डिक्शनरीत टाकताना व शोधताना, दोन्हीकडं तेच फंक्शन वापरा. क्रम असा: आधी 'र, हलन्त, जॉइनर' हे तिन्ही जिथं सापडतील तिथं 'ऱ, हलन्त' ठेवा. मग युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ, फॉर्म एनएफसी, यानं नुक्तावाला र जुळून ऱ होतो. शेवटी स्ट्रिप. पहिली पायरी गाळू नका, कारण एनएफसी जॉइनरला हात लावत नाही आणि स्ट्रिपही त्याला स्पेस समजत नाही. आणि जॉइनर नुसता उडवून दिलात तर 'र्ह' होऊन रफार चढतो, चौथं कऱ्हाड जन्माला येतं.

आकड्यांचंही तसंच. एक्सेलमधला बिल्टी नंबर कधी पूर्णांक येतो, कधी स्ट्रिंग, कधी मराठी आकड्यातली स्ट्रिंग. स्ट्रिंग आणि पूर्णांक कधीच समान नसतात. इंट फंक्शन मात्र मराठी आकडेही बिनबोभाट वाचतं, त्यातनं काढून घ्या. मालाचा दर की म्हणून वापरायचा मोह झाला तर फ्लोट (दशांश आकडा) टाळा, ०.१ अधिक ०.२ आणि ०.३ समान येत नाहीत, पैशांत पूर्णांक करून ठेवा.

विजापूर आणि विजयपूर, उस्मानाबाद आणि धाराशिव, हे मात्र हॅशिंगचं काम नाही हां. तिथं जुन्या नावावरनं नवीन नाव देणारी वेगळी डिक्शनरीच करावी लागते.

स्वतःचा क्लास की म्हणून वापरायचा असेल तर

समजा 'माल' नावाचा क्लास केला, डिझाईन, साईज, रंग. '३० बाय ६०, निळा' असे दोन ऑब्जेक्ट सेम माहितीनं बनवले, एकाला की करून स्टॉक टाकला, दुसऱ्यानं विचारलं, की-एरर. कारण तुम्ही काही सांगितलं नाही तर पायथॉन ऑब्जेक्टची मेमरीतली ओळख धरतं, आणि ते दोन वेगळे आहेत.

मग तुम्ही डंडर ईक्यू (__eq__) मेथड लिहिता, तीन फील्ड सेम तर समान. आता तर टाकतानाच 'अनहॅशेबल' येतंय! बरोबरच आहे, समानतेची व्याख्या तुम्ही बदलली, म्हटल्यावर जुना हॅश ठेवला तर पहिली अट मोडणार, म्हणून पायथॉन तुमच्या क्लासचा हॅशच नन (None) करून टाकतं. डंडर हॅशही (__hash__) लिहा, आणि त्यात त्याच तीन फील्डचा टपल करून त्याचा हॅश परत द्या. ईक्यूमध्ये नसलेलं एकही फील्ड हॅशमध्ये घालू नका. उलटं, म्हणजे हॅशमध्ये एखादं फील्ड कमी, चालतं, फक्त टकरी वाढतात.

आता दुसरी अट मोडून बघा, मुद्दाम. माल डिक्शनरीत टाका, मग बाहेरनं त्या ऑब्जेक्टचा रंग निळ्याचा लाल करा. लाल मालानं शोधलं, नवीन हॅश, दुसराच कप्पा, नाही. निळा नवीन माल बनवून शोधला, कप्पा बरोबर, साठवलेला हॅश बरोबर, पण डबल इक्वल म्हणतं आतला लाल आहे, नाही. लूप मारला तर मात्र दिसतोय! आणि कहर म्हणजे तोच ऑब्जेक्ट हातात घेऊन शोधलात तर कधीतरी सापडतोही, कारण नवीन हॅश योगायोगानं त्याच कप्प्याशी नेतो आणि तिथं पहिली तपासणी 'एकच ऑब्जेक्ट का' हीच आहे. असला कधी चालणारा कधी न चालणारा बग म्हणजे रात्रीची झोप गेली.

त्यामुळं हे सगळं हातानं लिहूच नका असं माझं मत आहे. डेटाक्लास घ्या, फ्रोझन ट्रू करा, ईक्यू आणि हॅश दोन्ही आपोआप मिळतात आणि फील्ड बदलायला गेलं तर एरर येतो. त्याहून सोपं हवं तर साधा टपल, डिझाईन, साईज, रंग. नव्वद टक्के कामाला तो पुरतो.

दश आणि धग

आता स्ट्रिंगचा हॅश दरवेळी का बदलतो ते. जावात स्ट्रिंगचा हॅश ठरलेला असतो: आत्तापर्यंतच्या बेरजेला ३१ नं गुणायचं आणि पुढच्या अक्षराचा नंबर मिळवायचा. करून बघू. द चा युनिकोड नंबर २३४२, श चा २३५८, म्हणून 'दश' चा हॅश ३१ गुणिले २३४२ अधिक २३५८, म्हणजे ७४९६०. ध चा २३४३, ग चा २३२७, म्हणून 'धग' चा हॅश ३१ गुणिले २३४३ अधिक २३२७. तोही ७४९६०! पहिलं अक्षर एकानं वाढलं आणि दुसरं ३१ नं घटलं, जमाखर्च शून्य.

इथनं पुढं बघा. 'दशदश', 'दशधग', 'धगदश', 'धगधग', चौघांचा हॅश एकच. दहा जोड्या लावा, १०२४ वेगवेगळ्या स्ट्रिंग आणि हॅश एक. अशा हजारो की कुणी वेबसाईटच्या फॉर्ममधनं पाठवल्या तर सर्व्हर त्या डिक्शनरीत भरायला जाणार, प्रत्येक नवीन की आधीच्या सगळ्यांशी टक्कर घेणार, आणि छोट्याशा रिक्वेस्टनं मशीन बसणार. हा धोका २००३ मध्ये क्रॉस्बी आणि वॉलक या संशोधकांनी मांडला होता, पण बऱ्याच भाषांनी मनावर घेतलं ते २०११ च्या डिसेंबरात जर्मनीतल्या एका कॉन्फरन्समध्ये तो परत दाखवल्यावर. मग पायथॉननं प्रत्येक वेळी चालू होताना एक गुप्त आकडा उचलून तो स्ट्रिंगच्या हॅशमध्ये मिसळायला सुरुवात केली, ३.४ मध्ये तर सिपहॅश नावाची नवीन पद्धतच आणली. जावानं दुसरी वाट धरली, आठव्या आवृत्तीपासून हॅशमॅपच्या (त्यांच्या डिक्शनरीच्या) एकाच बकेटमध्ये (कप्प्यात) गर्दी झाली तर तिथल्या रांगेचं झाड करतात, म्हणजे शोध फार घसरत नाही.

पूर्णांकाला पायथॉनमध्ये अशी मिसळ नाही, वर बघितलंच. त्यामुळं कोडिंग कॉन्टेस्टमध्ये डिक्शनरी मुद्दाम स्लो होईल असे आकडे टेस्टमध्ये घालणारे लोक आहेत. टाइम लिमिट विनाकारण जायला लागली तर आकड्याची स्ट्रिंग करून ती की म्हणून वापरा, थोडी जास्त मेमरी जाते पण त्या सापळ्यातनं सुटता.

आणि स्ट्रिंगचा हॅश दरवेळी बदलतो म्हटल्यावर तो डेटाबेसमध्ये किंवा फाईलमध्ये कधीच साठवू नका, उद्या प्रोग्राम परत चालू केल्यावर काही जुळणार नाही. फाईल बदलली का, बिल्टी डुप्लिकेट आली का, असलं काही दिवसांनी ताडून बघायचं असेल तर हॅशलिब मॉड्यूलमधलं शा-२५६ घ्या. आणि त्यात टेक्स्ट देण्याआधी ते वरचं कऱ्हाडवालं फंक्शन लावा.